पुढचं नाव पेठेला ठाऊक असतं

मा. पोलीस आयुक्त, पुणे शहर, यांस



पत्र काशीहून येत आहे, म्हणून आधी पत्ता सांगतो. मणिकर्णिका मागे टाकून शिंदे घाट ओलांडला की संकठा घाट लागतो. त्याला लागून गंगामहाल, मग नागपूरकरांचा भोसले घाट. पुढे रामघाटापासून पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाटापर्यंतच्या गल्ल्यांत आम्ही मराठी मंडळी पेशवाईपासून राहत आलो. बोलण्यात आता बनारसी हिंदी निम्म्याहून जास्त शिरली आहे. तरी सोयरिकी अजून पुण्या-नागपुराकडे जुळतात आणि नाना पेठेत काही झालं की इथल्या घरात फोन वाजतो. गेली दोन-तीन वर्षं तो जरा जास्तच वाजतो आहे. काशीच्या माणसाने पुण्याच्या पोलिसांना शहाणपण शिकवावं हा आगाऊपणा आहे खरा. पण टोळ्यांच्या बाबतीत आमच्या शहराने आपल्यापेक्षा जास्त पाहिलं आणि भोगलं आहे, तेवढ्याच आधारावर लिहितो.

नाना पेठेचा हिशेब आपल्याला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. तरीही तो एका दमात मांडतो, कारण बातम्या सुट्या सुट्या वाचताना त्यातली साखळी नजरेआड होते. २०२३ साली आंदेकरांच्या विरोधातल्या गायकवाड टोळीतला एक तरुण मारला गेला. १ सप्टेंबर २०२४च्या रात्री डोके तालमीच्या परिसरात माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांच्यावर गोळ्या झाडल्या, वर कोयत्याचे वार केले. आरोप सख्ख्या बहिणी आणि मेहुण्यांपर्यंत गेला. ५ सप्टेंबर २०२५ला, विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी, त्या खुनातल्या एका आरोपीचा कॉलेजच्या वयाचा मुलगा धाकट्या भावाला क्लासवरून घेऊन घरी आला आणि इमारतीच्या पार्किंगमध्येच त्याला गोळ्या घातल्या. १ नोव्हेंबर २०२५ला कोंढव्यात खडी मशीन चौकाजवळ एका रिक्षाचालकाला मारलं. तोही त्याच खुनातल्या एका आरोपीचा भाऊ. या शेवटच्या दोघांपैकी कुणीही वनराजच्या खुनात आरोपी नव्हता. नातं एवढाच काय तो गुन्हा.

यातलं पहिलं प्रकरण सोडलं तर पुढचं काहीच अनपेक्षित नव्हतं. ‘फिल्डिंग लागली आहे’, म्हणजे मारण्यासाठी पाळत बसली आहे, हे ज्याच्यासाठी लागली तो सोडून पेठेत सगळ्यांना कळलेलं असतं. आपल्या लोकांनाही कळलं होतं. त्या मुलाच्या खुनाच्या थोडेच दिवस आधी आंबेगाव पठारात वनराजच्या खुनातल्या एका आरोपीच्या घराची टेहळणी करणारा माणूस भारती विद्यापीठ पोलिसांनी पकडला आणि बदल्याचा कट उधळल्याची बातमी छापून आली. काम चोख होतं. पण कट उधळला तो एका पत्त्यावरचा, आणि सूड दुसऱ्या पत्त्यावर गेला. कोथरूडकडचा मोहोळ-मारणे टोळ्यांतला खुनांचा हिशेबही असाच जुना आहे: २००६ला पौड फाट्यावर संदीप मोहोळ, २०१०ला नीलायमजवळ किशोर मारणे, ५ जानेवारी २०२४ला सुतारदऱ्यात शरद मोहोळ. त्या शेवटच्या खुनातला मुख्य आरोपी तर विशीतला, मोहोळच्याच सोबत वावरणारा मुलगा होता.

माझं म्हणणं एवढंच आहे, साहेब. झालेल्या खुनाचा तपास कुणाकडे हे पहिल्या तासात ठरतं. त्या खुनातून निघणारा पुढचा खून थांबवायचं काम मात्र नावानिशी कुणाकडेच नसतं. गुन्हे शाखा आरोपी पकडते, खंडणीविरोधी पथक खंडणी बघतं, संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याचा प्रस्ताव वर जातो. दोन्हीकडच्या घरांत जी सोळा ते वीस वयाची पोरं तेराव्यापर्यंत गप्प बसून असतात, त्यांच्याकडे कोण जातं? त्यांच्याकडे टोळी जाते.

आमच्याकडे हे कसं वाढत गेलं ते सांगतो. १९८४ साली वडिलांचा खून झाला आणि अभ्यासात बरा असलेला एक विद्यार्थी बदल्याच्या वाटेला लागला, अशी पूर्वांचलचे बाहुबली ब्रिजेश सिंहांची गोष्ट इथे चहाच्या टपरीवर सांगतात. पुढे अनेक खटल्यांत ते निर्दोष सुटले आणि २०१६ला विधान परिषदेवर निवडून आले. ३ ऑगस्ट १९९१ला लहुराबीरमध्ये अवधेश राय यांना घराच्या दारात गोळ्या घातल्या. चेतगंज ठाणं तिथून हाकेच्या अंतरावर. त्या खुनाबद्दल मुख्तार अन्सारीला जन्मठेप झाली ५ जून २०२३ला. मधल्या काळात मूळ केस डायरी गहाळ झाली, खटला छायाप्रतींवर चालला आणि मुख्तार पाच वेळा मऊचा आमदार झाला. न्यायाला जवळजवळ बत्तीस वर्षं लागली की मुलं आपापला निष्कर्ष काढतात. पोरगा वयात येतो, त्याचं लग्न होतं, त्याचा मुलगा वयात येतो, आणि तारीख पडतच राहते.

या गोष्टीला मुंबईचं टोकही आहे. १२ सप्टेंबर १९९२ला जे. जे. रुग्णालयात गवळी टोळीच्या शैलेश हळदणकरला मारायला जे शिरले, त्यांनी दोन पोलीस शिपायांचाही जीव घेतला. त्यात शिक्षा झालेला सुभाषसिंह ठाकूर बनारसकडचा. १२ ऑक्टोबर २०२४ला वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकींवर गोळ्या झाडल्याच्या आरोपाखाली जे धरले, त्यांच्यातले दोघे बहराइचचे. महानगरी एक्स्प्रेसमध्ये बसलेल्या पोरांतली बहुतेक हॉटेलात नाहीतर बांधकामावर राबायला जात असतात, त्यांना उगाच बदनाम करू नये. पण सुपारी घेणाऱ्याला असा मुलगा हवाच असतो, ज्याला त्या शहरात कुणी ओळखत नाही.

आता जिथून लिहितो त्या घाटाविषयी. संकठा घाट १८२५च्या सुमारास बेनीराम पंडितांच्या विधवेने बांधून घेतला. बेनीराम नागपूरकर भोसल्यांचे वकील. १७८१ साली काशीचा राजा चेतसिंग याच्या प्रकरणात काशी पेटली आणि वॉरन हेस्टिंग्ज रातोरात चुनारला पळाला, तेव्हा त्याच्यासोबत राहून घरातले लाख रुपये देऊ करणारी माणसं म्हणजे बेनीराम आणि त्यांचे भाऊ. त्याच धामधुमीवर पुढे जयशंकर प्रसादांनी ‘गुंडा’ ही कथा लिहिली. तिच्यातला नन्हकूसिंह लढता लढता पडतो, आणि हिंदी शिकलेल्या इथल्या बहुतेक पोरांना तो माहीत असतो. पंडितांचं नाव त्यांच्याच घाटावर दहाजणांना विचारलं तर एखादा सांगेल. इंग्रजाला हात देणाऱ्या वकिलाची आठवण कुणी का ठेवावी, हाही प्रश्न आहेच. प्रसादांचा गुंडा दुबळ्यासाठी मरतो, पण कमरेला गावठी कट्टा लावणारा पोरगा गोष्टीतून हवं तेवढंच उचलतो. संध्याकाळी आमच्या पायऱ्यांवर मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलेली मुलं पाहतो. रील चालू असतं, मागे भोजपुरी गाणं, पुढे काळ्या गाड्यांचा ताफा आणि पांढऱ्या कपड्यातला कुणी बाहुबली. गाडी पुढे सरकली की एक मुलगा बोटाने रील मागे घेतो आणि ताफ्यातल्या गाड्या पुन्हा मोजतो. २०२१ साली तळोजा तुरुंगातून सुटल्यावर पुण्यातला टोळीप्रमुख गजा मारणेचा ताफा द्रुतगती मार्गावरून पुण्याला निघाला होता, त्याचं चित्रण इथल्या एकाने मला दाखवलं होतं. कौतुकाने, हे वेगळं सांगायला नको.

१५ एप्रिल २०२३ला प्रयागराजला पोलिसांच्या गराड्यात, कॅमेऱ्यांसमोर माफिया-पुढारी अतीक अहमद आणि त्याचा भाऊ अशरफ यांना मारणारे तिघेही विशीच्या अलीकडे-पलीकडे होते. आम्हाला नाव कमवायचं होतं, असं त्यांनी सांगितल्याची नोंद पोलिसांच्या एफआयआरमध्ये आहे. चाळीस वर्षं दहशत गाजवलेला माणूस संपला आणि त्या जागेची हौस असलेले तीन नवे त्याच क्षणी टीव्हीवर दिसले.

चकमकींबद्दल इथे काय वाटतं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१७नंतर उत्तर प्रदेशात पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. पायात गोळी घालण्याच्या प्रकाराला लोकांनी ‘ऑपरेशन लंगडा’ असं नाव पाडलं आहे. चौकातला साडीवाला सांगेल की रंगदारीचे, म्हणजे खंडणीचे, फोन कमी झाले आणि त्याला झोप लागते. त्याला मी खोटं पाडणार नाही. त्याच्या झोपेची किंमत ज्यांनी मोजली त्यांत निरपराध कोण होतं, हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही, आणि आरोपींची घरं पाडणाऱ्या बुलडोझरबद्दल १३ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाला जे बोलावं लागलं ते उगाच नव्हे. शिवाय कट्टा कुठेही गेलेला नाही. आणि परवान्याच्या बंदुकांचं म्हणाल तर केंद्राच्या आकड्यांप्रमाणे २०१६अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते, त्यातले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. परवान्याची बंदूक हे आमच्याकडे वरातीचं भूषण आहे. लग्नात हवेत गोळ्या झाडणं हा वेगळा गुन्हा ठरवायला २०१९ साली शस्त्र कायदा बदलावा लागला. आपल्याकडे अजून बंदूक नवलाईची आहे, कोयता जास्त चालतो. २०२५च्या नोव्हेंबरात आपल्या पथकाने मध्य प्रदेशातल्या उमरटीत जाऊन गावठी पिस्तुलांच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, त्याचं मोल मला इथे बसून जास्त कळतं. पण आधार कार्ड पाहून कोयता विकायचा, हा २०२३चा नियम कितपत उपयोगी पडला ते आपणच सांगा. कोयता काय, आजीच्या स्वयंपाकघरातही असतो.

मग करायचं काय? हे शोधायला फार लांब जायला नको. १९८४च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ला उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या त्याआधीही होत्याच. पण त्यांत पुढारी बसत, चहा पीत आणि फोटो काढून घरी जात. खोपड्यांनी समितीत रोज त्या गल्लीतून ये-जा करणारी साधी माणसं घेतली आणि प्रत्येक समितीची सूत्रं साध्या पोलिसाच्या हाती दिली. साहेबांची बदली झाली तरी शिपाई गल्लीत राहतो, ही त्यातली खरी मेख. १९९२-९३ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तो प्रश्न दंग्याचा होता, टोळीचा नव्हता, हे मान्य. पण अफवेनंतर कुठली गल्ली आधी पेटणार हे जसं तिथल्या पोलिसाला कळायला लागलं, तसं एका खुनानंतर कुठलं घर धुमसतं आहे हे पेठेतल्या पोलिसाला आजही कळतं. त्याने ते कळवायचं कुणाला, आणि कळवल्यावर अटकेखेरीज काय करायचं, हे ठरलेलं नाही.

अमेरिकेत बॉस्टनने ते १९९६ला ठरवलं. तिथल्या अभ्यासकांनी पोलिसांसोबत बसून नावं काढली, तेव्हा शहरातल्या तरुणांच्या खुनांपैकी साठ टक्के खून जेमतेम तेराशे पोरांच्या टोळक्यांभोवती घडत असल्याचं निघालं. या पोरांना बोलावलं. समोर पोलीस, सरकारी वकील, चर्चचे पाद्री आणि नोकरी-शिक्षणाची दारं उघडू शकणारी माणसं. निरोप सरळ होता: मारामारी थांबवणाऱ्याला मदत मिळेल, आणि तुमच्यातल्या एकाने जरी गोळी झाडली तरी कायदा सगळ्या टोळक्याच्या मागे लागेल. खून झपाट्याने उतरले. काही वर्षांनी अधिकारी बदलले, बैठका बंद पडल्या आणि आकडे पुन्हा चढले. हा दुसरा भाग सांगायचा लोक विसरतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा प्रश्न तर बंदुकीचा नव्हता, सुऱ्यांचा होता, म्हणजे आपल्या कोयत्याच्या जवळचा. तिथे २००५ला पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला आणि कोर्टाच्या दालनात टोळीतल्या पोरांसमोर मुलगा गमावलेल्या आयांना बोलतं केलं.

आईचा विषय निघाला म्हणून सांगतो. संकठा देवी संकट हरते, असा भाव, म्हणून शुक्रवारी इथे बायकांची गर्दी होते. नारळ, चुनरी, जास्वंदीची माळ. एकीला मी चुनरीच्या घडीत कागद ठेवताना पाहिलं. पुजाऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, लेकाच्या कोर्टाच्या तारखेचा आहे. गादीखाली कट्टा आला, पोराकडे नवा फोन आला, रात्री-अपरात्री ‘भैया’चे निरोप यायला लागले, हे सगळ्यांच्या आधी आईला कळतं. ती देवीकडे जाते, कारण चौकीत गेली तर लेकाला उचलतील, बडवतील आणि नाव कायमचं रजिस्टरवर चढेल. नाना पेठेतल्या, जनता वसाहतीतल्या आईचं याहून निराळं काही असेल असं वाटत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा. कागदावर तो असतो. गुन्हा घडण्याआधी आलेल्या आईचं ऐकून घेणं, पोराला काही दिवस मामाच्या गावी पाठवायला मदत करणं, शाळेत पुन्हा नाव घालणं, हे त्याचं काम आहे, असं एकदा आपण लेखी सांगून पाहा. आणि हे काम त्याने गणवेश न घालता करावं.

दुसरा माणूस आपल्याकडे आयता आहे, तो म्हणजे तालमीचा वस्ताद. वनराजवर हल्ला झाला त्या भागाला नावच तालमीचं आहे. पुण्याच्या पेठांत वस्तादाने कान धरला तर मोठा दादाही मान खाली घालत असे, असं आमचे पुणेकर नातलग सांगतात. आमच्या दुर्गाघाटावर पूर्वी मुक्कीच्या झुंजी होत, मोहल्ले मोहल्ल्यांना भिडत, आणि वादाचा निकाल तिथेच लागून संध्याकाळी भांग एकत्र घोटली जाई. जुन्या काळाचं मला फार कौतुक नाही, त्यातही डोकी फुटतच होती. पण दोन्ही बाजूंनी ज्याचं ऐकलं जातं असा एक माणूस तेव्हा असायचा. आजही असे आहेत: एखादा वस्ताद, मंडळाचा जुना कार्यकर्ता, रिक्षा स्टँडवरचा कुणी, तुरुंगातून सुटून शहाणा झालेला एखादा. मंडळांची निवड डोळे उघडे ठेवून करावी लागेल, कारण वर्गणीच्या पावतीपासून फ्लेक्सपर्यंत टोळीचा पैसा कुठे कुठे फिरतो हे आपल्याला माहीत आहे. आणि एक पथ्य कसोशीने पाळा: मध्यस्थ म्हणून नेमलेल्याला खबऱ्या करू नका. त्याने सांगितलेल्यावरून एक जरी अटक झाली तरी पेठेत त्याचा शब्द संपला, कदाचित तो स्वतःही. त्याने पोलिसांना फक्त एवढंच सांगावं की अमुक घरी माणूस पाठवा, लवकर पाठवा.

ओळख परेडबद्दल बोलल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. २०२४च्या फेब्रुवारीत अडीचशेहून अधिक रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांना आयुक्तालयात रांगेत उभं केलं. सामान्य पुणेकराला ते बघून बरं वाटलं, आणि दादा लोकांना मान खाली घालायला लावण्यात काही गैर नाही. पण ज्या मुलाने आयुष्यात कुठल्याही रांगेत पहिला नंबर काढला नाही, त्याने ती रांग बघितली तेव्हा त्याला काय दिसलं असेल, याचा विचार व्हायला हवा होता. गल्लीतून काढलेली धिंडही तशीच. तिचंही रील होतं, त्यालाही गाणं लागतं. हे सगळं बंद खोलीत, आई-बापांसमोर आणि कॅमेऱ्याविना झालं असतं, तर तीच समज कितीतरी खोल गेली असती.

तेव्हा विनंती एवढीच. नाना पेठेच्या प्रकरणात अजून सूड बाकी आहे असं मानणारी पोरं कोण, आणि ज्यांच्या नावाची फिल्डिंग लागू शकते असे नातेवाईक कोण, याच्या दोन याद्या आपल्या ठाण्यात आजच्या आज बनू शकतात. शिपायांच्या डोक्यात त्या बनलेल्याच आहेत. दुसऱ्या यादीतल्यांना संरक्षण द्या. पहिल्या यादीतल्या प्रत्येक घरी आठवड्याच्या आत दोन माणसं जाऊ द्या, एक पोलीस आणि एक पेठेतला. पार्किंगमध्ये मोठा भाऊ पडला त्या धाकट्याच्या घरीही. तो आता कुठल्या यादीत बसतो हे ठरवायची वेळ येण्याआधी. हे काम ज्या हवालदाराकडे द्याल, त्याचं नाव पुढच्या बदल्यांच्या यादीत येणार नाही, असा आदेश मात्र त्याच दिवशी काढा.

कळावे,

आपला,
काशीतला एक मराठी रहिवासी
संकठा घाट, वाराणसी